लव्हेलबाईच्या हाताचा गुण

जन्मले तेव्हा मी ड्रिस्कॉल होते आणि लग्न झालं तेव्हाही ड्रिस्कॉलच राहिले. मायदेशी, आमच्या कॉर्कच्या किनाऱ्यावर दगड उचलला तरी खाली एखादा ड्रिस्कॉल सापडतो, त्यामुळे तिकडे याचं कोणाला नवल नव्हतं. पण समुद्रापार, इथे ट्रॉय शहरात, नदीकाठच्या आमच्या गल्लीत, सगळ्या परगण्यांची माणसं एकावर एक रचून ठेवलेली. तिथे माझ्यासारखी मी एकटीच. आणि जिचं माहेरचं नि सासरचं आडनाव एक, तिच्या हातचा पाव खाल्ला की डांग्या खोकला उतरतो, हे आमच्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्यासाठी बाई शहाणी असावी लागत नाही, मायाळूही असावी लागत नाही. तिनं नाव बदललेलं नसलं म्हणजे झालं.

मागायची रीत ठरलेली आहे. आईनं दारात यायचं, पोराला खोकला आहे, पाव दे, एवढंच म्हणायचं. विनवणी करायची नाही, पैसे पुढे करायचे नाहीत, आणि पाव हातात पडला की आभाराचा शब्द काढायचा नाही. काढला की गुण गेला. दुसरं असं की हा गुण आपल्याच रक्ताला लागत नाही. माझी स्वतःची पोरं खोकली तेव्हा मी त्यांना होडीत घालून पलीकडच्या काठावरच्या एका ओ'लिअरी बाईकडे नेलं होतं. तिचंही माझ्यासारखंच. ती बिचारी पुढे देवाघरी गेली.

तर सांगायचं असं, की गल्लीतलं खोकणारं प्रत्येक पोर माझ्या दारी यायचं. आमच्या फादरना हे पटत नसे, ते वेदीवरून बोलतही, पण त्यांच्या स्वयंपाकीणबाईचा भाचा खोकायला लागला तेव्हा ती मागच्या जिन्यानं आलीच. मी पाव देत असे आणि सोबत चार शब्दही देत असे. पोराच्या छातीला फ्लॅनेल का नाही, नवरा दारूच्या गुत्त्यातून परत कधी येतो, जिन्यावर राख कोणी सांडली. पाव फुकट आणि बोलणी त्याहून फुकट. पोरं बरी होत. चर्चमध्ये मी शिरले की पुढच्या बाकावरच्या बायका सरकून जागा करत. मला ते आवडत असे. कोणाला आवडणार नाही?

मग समोरच्या इमारतीत सबीना लव्हेल राहायला आली. मेयो परगण्याच्या बेटावरची. नवरा अँथनी लव्हेल, खिळ्यांच्या कारखान्यात कामाला. बाई उंच, सडपातळ, केस ओल्या वाळूच्या रंगाचे, आणि आवाज इतका हळू की ती बोलू लागली की अंगणातल्या बायका पाण्याचा पंप थांबवत. माझं बोलणं ऐकायला कोणाला कधी पंप थांबवावा लागला नाही.

कोणीतरी तिला माहेरचं नाव विचारलं. लव्हेलच, ती म्हणाली. झालं.

थंडी पडली तशी गल्लीत पोरं खोकायला लागली. एका सकाळी मी खिडकीत बटाटे सोलत होते. टॅन्सीबाई, आमच्या खालच्या मजल्यावरची, पोरीला शालीत गुंडाळून अंगणात आली. मी हात धुतले. मळका अ‍ॅप्रन काढून स्वच्छ बांधला. फडताळातून पाव काढला, फडक्यात घेतला आणि दार उघडून उभी राहिले. टॅन्सीबाई अंगण ओलांडून समोरचा जिना चढली.

मी तो पाव हातात घेऊन किती वेळ उभी होते कोण जाणे. शेगडीवर आधी चढवलेले बटाटे करपले हे खरं.

दुसऱ्या दिवशी पंपावर मी तिला सहज विचारावं तसं विचारलं, की बाई, माझ्या दाराला काय कुलूप होतं का. ती बादलीत बघत म्हणाली, "तसं नाही हो, गोबनेटबाई. ती काही बोलत नाही. नुसता पाव देते."

टॅन्सीबाईची पोरगी बरी झाली. मग दुसरी आई समोर गेली, मग तिसरी. आमचा जिना असा सुना झाला की त्यावर मांजर निवांत झोपायला लागली. समोरच्या जिन्यावर सकाळपासून शाली चढत आणि उतरत. मी त्या एकेक मोजत असे. मी टॅन्सीच्या पोरीकडून त्या पावाचा एक तुकडा मिळवला आणि चाखून पाहिला. विटेचा भाऊ. सोडा जास्त, ताक कमी, वरचं कवच फोडायला घण लागावा. आणि लोक तो खाऊन बोटं चाटत होते. तिचे पडदे पांढरे असत ते मला खपेना. ती चर्चमध्ये मागच्या बाकावर बसे तेही खपेना, कारण बायका आता वळून मागे बघत.

मुलगा टिम म्हणाला, आई, तुला काम कमी झालं, बरंच झालं की. मी त्याला त्या दिवशी शिळं वाढलं.

आता माझ्याकडे पीटर कॅफर्की म्हणून एक म्हातारा फेरीवाला येत असे. सुया, दोरे, फिती विकायचा, आणि मेयोच्या त्याच बेटावरचा. त्याला शेगडीपाशी बसवून बटाटे आणि खारवलेला मासा वाढला आणि इकडचं तिकडचं बोलता बोलता सबीना लव्हेलचं नाव काढलं. तो तोंडातला घास न थांबवता म्हणाला, की सबीना म्हणजे डॉमिनिक गिंटीची पोर. बाप समुद्रावर गेला तो आलाच नाही. मग आईनं एका लव्हेलशी दुसरं लग्न केलं, पोर त्याच्या घरी वाढली, म्हणून बेटावरचे तिला लव्हेल म्हणायला लागले. बाप्तिस्मा मात्र गिंटी नावानंच झालेला.

मी त्याला आणखी एक बटाटा वाढला. मग आणखी एक. तो म्हणाला, बाई, आज तुम्ही फार प्रेमळ आहात.

म्हणजे गिंटीची लव्हेल झाली होती. गल्लीतल्या कुठल्याही बाईसारखं तिनंही लग्नात नाव बदललं होतं, आणि तिच्या हातात गुण होता तेवढाच, जेवढा या टेबलाच्या पायात आहे. पोरं बरी झाली ती आपल्या नशिबानं झाली. उद्या एखादं नाही झालं तर? हे लोकांना सांगणं माझं कर्तव्यच होतं. कर्तव्य इतकं गोड लागतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

लगेच सांगितलं नाही. येत्या रविवारी मासच्या प्रार्थनेनंतर, चर्चच्या पायऱ्यांवर, सगळी वस्ती जमलेली असताना सांगायचं ठरवलं. ते वाक्य मी भांडी घासताना घोळवलं, कपडे पिळताना घोळवलं. रागानं म्हणून पाहिलं, हसून म्हणून पाहिलं. दयेनं म्हटलेलं सगळ्यात छान लागलं. बिचारी सबीना, तिचा काय दोष, पण ती गिंटी आहे हो.

आणि शनिवारी माझ्या नातवाला, फ्लोरीला, डांग्या लागला.

खोकत तो आधीपासून होता. मी त्याला सर्दी म्हणत होते, कारण मला ती सर्दीच हवी होती. पण त्या दुपारी खोकल्याची माळ लागली ती तुटेचना, आणि शेवटी श्वास आत ओढताना तो आवाज आला, कोंबड्याच्या आरवण्यासारखा. तो आवाज मी इतक्या पोरांचा ऐकला होता की मला कोणी सांगायला नको होतं. ओठ निळे, डोळे बाहेर. तीन वर्षांचं पोर, माझ्या गेलेल्या नवऱ्याचं नाव त्याला ठेवलेलं.

संध्याकाळी सून विनी लाँड्रीतून आली. ती कॉलरींना इस्त्री करते, हाताला कोपरापर्यंत चटके. गेल्या हिवाळ्यात तिची धाकटी एली तापानं गेली होती. तिनं दारातूनच तो आवाज ऐकला आणि शाल काढलीच नाही. मी सबीनाकडे जाते, म्हणाली.

माझ्या जिभेवर वाक्य तयारच होतं. तोंड उघडलंही. विनी माझ्याकडे बघत होती. तिला वाटलं मी तिला अडवते आहे.

"आई," ती म्हणाली, "तुम्हाला तिचं बरं बघवत नाही हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. पण माझं पोर तुमच्या जळण्यापायी मरायचं नाही."

सहा वर्षांत ती पोरगी मला उलटून बोलली नव्हती. दुसऱ्या एखाद्या दिवशी मी तिला तिची जागा दाखवली असती. पण त्या वेळी मला वेगळंच दिसत होतं. माझा पाव फ्लोरीला चालणार नाही, तो माझं रक्त. पलीकडची ओ'लिअरी गेली. आणि जिच्या दाराकडे विनी डोळे लावून होती तिच्या हातात काही नाही हे या गल्लीत मला एकटीला माहीत. सांगितलं तर विनीला जायला कुठलंच दार उरत नाही. नाही सांगितलं तर माझा नातू वीट चावणार आणि त्याचा श्वास तसाच अडणार.

मी शेगडीवरच्या भांड्याचं झाकण काढलं. पाव नुकताच झाला होता, त्यावर सुरीनं कापलेला क्रूस छान उमललेला. तेव्हा मला सुचलं.

विनीला म्हटलं, तू पोराला धर, मी आधी जाऊन येते. आमचं बोलणं नाही, तिनं तुला दारातून परत पाठवलं तर काय करशील? विनीचा विश्वास बसला नाही. पण फ्लोरीला पुन्हा उबळ आली आणि तिला त्याला सोडवेना. मी पाव फडक्यात बांधला, शालीखाली घेतला आणि ज्या जिन्याचा मी हंगामभर द्वेष केला तो चढून गेले.

सबीनानं दार उघडलं आणि मला बघून बाजूला झाली. खोली लख्ख होती. तेही मला सोसावं लागलं.

"फ्लोरीला डांग्या लागलाय," मी म्हटलं.

ती दुसरं काही न विचारता फडताळाकडे वळली.

"तुझा नको. गिंटीच्या पोरीचा पाव माझ्या नातवाच्या काय कामाचा?"

तिची पाठ माझ्याकडे होती. ती तशीच थांबली. या क्षणासाठी मी किती दिवस जगले होते. ती खोटं बोलेल, मग मी तिचं खोटं पदरात घालीन, मग ती रडेल, असं सगळं मी बसवून ठेवलं होतं. ती वळली आणि खुर्चीवर बसली, एवढंच.

"मला गुण आहे असं मी कधी म्हटलं नाही," ती म्हणाली. "माहेरचं नाव विचारलं, तर लहानपणापासून ज्या नावानं हाका ऐकल्या ते सांगितलं. मागून लक्षात आलं काय झालं ते. तोवर टॅन्सीबाई पोर खांद्यावर टाकून दारात. पोरीचं तोंड काळंनिळं. तुम्ही काय केलं असतं, गोबनेटबाई? हाकलली असती?"

"मी तिला फ्लॅनेलवरून बोलले असते."

ती हसली. डोळ्यांत पाणी होतं तरी हसली. बाई लबाड असती तर किती बरं झालं असतं. तेवढंही सुख तिनं मला दिलं नाही.

मी पाव टेबलावर ठेवला. "हा तुला दिला. आता हा तुझा. माझी सून येईल, मागेल, तेव्हा यातला दे. मधे रक्ताचा हात नको म्हणून तुझा हात. बाकी सगळं माझं."

तिला समजायला वेळ लागला नाही. मग तीच म्हणाली, असं असेल तर मी विनीला खरं सांगते, बरं करणाऱ्या तुम्ही आहात हे लोकांना कळू दे. मी तिला म्हटलं, शहाणपणा करू नकोस. पाव घरचाच आहे हे विनीला कळलं की तिचा भरवसा जाईल, आणि पावाचा गुणही जाईल की काय मला माहीत नाही. माझ्या नातवाच्या छातीवर मी ते करून बघणार नाही. तू तोंड मिटायचं, मीही मिटते. तुझा गिंटी माझ्यापाशी, माझा पाव तुझ्यापाशी.

तिचे ओठ हलले. कुठला शब्द येतोय ते मला दिसलं.

"गप्प," मी म्हटलं. "आभार मानलेस तर तो पाव डुकरांना घालावा लागेल."

मी घरी आले आणि विनीला जा म्हटलं. खिडकीतून बघत राहिले. ती वर गेली, खाली आली. पाव तिनं दोन्ही हातांनी छातीशी धरला होता, फादर वेदीवरून प्याला नेतात तसा. माझ्या हातचा तोच पाव ती सहा वर्षं रोज खात होती. कधी एका हातानं, कधी उभ्यानं. तसा तिनं तो कधी धरला नव्हता. माझं नातवंड मागे गुदमरत होतं आणि मी खिडकीत उभी राहून त्या धरण्यावर जळत होते. माणसाच्या आत किती खोल्या असतात बघा.

फ्लोरीला दुधात भिजवून तुकडा दिला. बरं एकदम वाटलं नाही, डांग्या तसा जातही नाही. रविवारी सकाळपर्यंत मात्र उबळींमध्ये अंतर पडलं आणि तो माझ्या मांडीवर थोडा झोपला. टिम म्हणाला मी बसतो, तुम्ही दोघी मासला जा.

पायऱ्यांवर सगळी वस्ती होती. मी ठरवलं होतं तशीच. फक्त बोलली विनी. तिनं टॅन्सीबाईला सांगितलं, टॅन्सीबाईनं आणखी चौघींना, आणि बघता बघता माझ्याभोवती गोल झाला. शेवटी गोबनेटबाईंनाही तिच्याच दारी जावं लागलं, असं कोणीतरी हळू म्हटलं, पण माझ्या कानाला हळू काही नसतं. सबीना खालच्या पायरीवर उभी होती, कानापर्यंत लाल. ती माझ्याकडे बघत होती. मी नुसती मान हलवली असती तर तिनं तिथल्या तिथे सगळं सांगून टाकलं असतं, इतकी ती मूर्ख आणि भली. ते वाक्य माझ्या तोंडात होतं. गिंटी, अडीच अक्षरं. मी ते थुंकीबरोबर गिळलं आणि म्हटलं की हवा फार गार आहे, चला.

फ्लोरी वाचला. आज तो कारखान्यात लोखंडाच्या भट्टीपुढे उघड्या छातीनं उभा राहतो आणि त्याच्या फुप्फुसांचा आवाज गुत्त्यातून आमच्या घरापर्यंत येतो, म्हणून हे आता लिहायला हरकत नाही. विनीला वाचता येत नाही, आणि सबीना अँथनीबरोबर पश्चिमेकडे निघून गेली त्याला बराच काळ झाला.

पण तेव्हा गोष्ट तिथे मिटली नाही. सोमवारी मी खिडकीत असताना एक अनोळखी बाई अंगणात आली, पोराला घेऊन, वरच्या वस्तीतून चालत आलेली. गोबनेट ड्रिस्कॉलचा नातू बरा झाला ही बातमी तिथवर पोचली होती. ती समोरचा जिना चढली. मला आतून माहीत होतं की वर तिला काय मिळणार. त्या पोरात आणि माझ्यात रक्ताचं काही नव्हतं. तो खोकत होता, आणि त्याला माझा पाव हवा होता, आणि तो दुसऱ्याच दारी चालला होता. मी ती सकाळ स्वतःशी भांडत काढली. दुपारी पीठ मळायला घेतलं.

त्यानंतर रोज सकाळी, विनी लाँड्रीत गेली की, मी मागच्या जिन्यानं सबीनाकडे पाव नेऊन ठेवत असे. आम्ही फारसं बोलत नसू. एकदा तिनं माझ्यासाठी चहा टाकला. मी तो प्यायले, कारण वाया घालवणं पाप आहे. चहा चांगला होता, हे मी तिला सांगितलं नाही. दिवसभर मग मी माझ्या खिडकीतून माझा पाव तिच्या दारातून बाहेर पडताना बघत असे, छातीशी धरलेला, आणि लोक मला वाटेत थांबवून सांगत की सबीनाच्या हाताला काय गुण आहे. मी म्हणे, असेल.

एका संध्याकाळी टॅन्सीबाईनं आमच्याकडे सबीनाच्या पावाचा एक उरलेला तुकडा पाठवला, चवीला. विनीनं तो टिमबरोबर वाटून खाल्ला आणि जरा घुटमळत माझ्याकडे बघितलं.

"राग मानू नका, आई, पण तिच्या पावाला जो मऊपणा आहे ना, तो आपल्याकडे येत नाही. एकदा विचारा की तिला, ताक किती घालते."

टिमनं भरल्या तोंडानं मान डोलवली. माझा सख्खा मुलगा.

दुसऱ्या दिवशी मी एकाच परातीतल्या पिठाचे दोन पाव भाजले. एक जरा बसला, एक सुरेख फुलला. आजवर फुललेला असे तो मी निमूट समोर नेत आले होते, कारण खोकणाऱ्या पोरांसाठी तो. गुण काही फुलण्यात नसतो, असं म्हणून त्या दिवशी बसलेला तिकडे नेला. फुललेला घरी ठेवला आणि संध्याकाळी विनीला त्याचा जाड काप कापून लोणी लावून दिला.

तिनं एक घास खाल्ला, मग दुसरा. समाधानानं माझ्याकडे बघितलं.

"विचारलंत वाटतं," ती म्हणाली.

मी लोणी परत झाकून ठेवलं आणि म्हटलं, हो, विचारलं.